मिंट एरर की नंतरचा मार? डबा निवडण्याच्या कामाच्या नोंदी

५ जून

आजपासून हे काम नीट लिहून ठेवायचं ठरवलं. डब्यात जी नाणी आहेत ती सगळी कोणी ना कोणी "एरर आहे बरं का" म्हणून दिलेली किंवा अदलाबदलीत आलेली, आणि त्यातली बरीचशी नुसती मार खाल्लेली असणार हे बघताक्षणी कळतंच, पण कळतं म्हणजे नक्की काय कळतं ते लिहिता आलं पाहिजे ना. म्हणून नियम एकच. प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर लिहायचं की हा दोष टांकसाळीतल्या कुठल्या पायरीला झाला. पायरी सांगता आली नाही तर ते पाकीट एररच्या ट्रेमध्ये जाणार नाही, मग ते कितीही भारी दिसो.

पायऱ्या आधी लिहून घेते म्हणजे पुन्हा पुन्हा नको. धातूची पट्टी लाटतात, त्यातून पंचने गोल चकत्या पाडतात, चकत्या तापवून मऊ करतात, मग एका मशिनमधून कडेने दाबत फिरवतात त्याने किनार थोडी उचलली जाते, आणि शेवटी प्रेसमध्ये वरची डाय, खालची डाय (डाय म्हणजे चित्र उलटं, आत कोरलेला ठसा) आणि भोवती कॉलर, म्हणजे धातूला बाहेर पसरू न देणारं कडं, एक ठोका, झालं नाणं. या साखळीत जे बिघडतं ते एरर. ठोक्यानंतर नाणं बाहेर पडलं की पुढचं सगळं आयुष्य म्हणजे पीएमडी, पोस्ट मिंट डॅमेज, मग ते कोणी मुद्दाम केलेलं असो की आपोआप झालेलं.

सामान: दहापट भिंग, दशांशानंतर दोन घरं दाखवणारा वजनकाटा, व्यास मोजायला वर्नियर, लोहचुंबक, आणि मान वळणारा एक दिवा. खरं काम दिवाच करतो, उजेड अगदी आडवा पडला पाहिजे.

८ जून

आज फक्त रेघा आणि गाठी.

सगळ्यात पहिला प्रश्न, बोटाला लागत नाही पण भिंगात दिसतो: रेघ वर उठलेली आहे की आत गेलेली? डायला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो, म्हणजे नाण्यावर रेघ वर येते. ओरखडा नंतर पडला तर तो आत जातो. एवढं साधं आहे आणि तरी अर्धी पाकिटं यातच निकालात निघाली. डाय क्रॅकची, म्हणजे डायच्या तड्याची रेघ सहसा सरळ नसते, वाकडीतिकडी भटकत जाते, अक्षरावरून, शेतावरून (शेत म्हणजे नाण्याचा मोकळा सपाट भाग, संग्राहक फील्ड म्हणतात), आणि बऱ्याचदा किनारीला जाऊन भिडते. ओरखड्याला मात्र दोन्ही बाजूंनी नांगराच्या तासासारखी माती उपसलेली असते, म्हणजे धातू बाजूला सरकून बारीक बांध तयार होतात. तो बांध दिसला की विषय संपला.

पण आत गेलेलं सगळंच डॅमेज असं पण नाही हं. ठोका पडताना डाय आणि चकतीच्या मध्ये दोरा, तार, कापडाचा तुकडा, धातूचा कीस असं काही आलं तर त्याचा ठसा आत उमटतो, स्ट्राइक थ्रू म्हणतात. डब्यात एक आहे तसं, तारेसारखी वळलेली खोल रेघ, पण तिच्या दोन्ही काठांना बांध नाही, काठ गोलसर आहेत, आणि रेघेच्या तळाशी धातू दाबलेला गुळगुळीत आहे, खरवडलेला नाही. हे ट्रेमध्ये.

गाठीचं वेगळं. डायचा किनारीजवळचा तुकडाच उडाला की तिथे नाण्यावर नुसता ढेकूळ येतो, चित्र नाही अक्षर नाही, त्याला इंग्रजीत cud म्हणतात. आता असा ढेकूळ डाखाचा थेंब टाकून पण करता येतो. त्यामुळे लगेच नाणं उलटं करायचं. डायमध्ये खड्डा असला की धातू तिकडे धावतो आणि बरोब्बर मागच्या बाजूला त्याच जागी चित्र अर्धवट भरतं, फिकट पडतं. एका नाण्याला ढेकूळ मस्त आहे पण मागे सगळी अक्षरं कडक, तीक्ष्ण. आडव्या उजेडात ढेकळाच्या मुळाशी बारीक फट पण दिसली, म्हणजे वर बसवलेला आहे, आतून आलेला नाही. बाद.

ही मागची बाजू बघायची सवय पुढे सगळीकडे लागणार आहे. ठोका एकच असतो आणि तो दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागतो, त्यामुळे एका बाजूला काहीतरी भयंकर आणि दुसरी बाजू जशीच्या तशी, असं असलं की आधी संशय घ्यायचा.

१२ जून

क्लिप, म्हणजे कडेचा घास घेतलेली नाणी. धाकट्याला फोटो काढायला बसवलं होतं, त्याने पहिलंच उचललं आणि म्हणाला, "ताई, हे तर कोणीतरी सरळ कातरलंय." त्याला विचारलं कशावरून, तर म्हणे दिसतंय की. दिसतंय बरोबर, पण सरळ आहे म्हणून नाही! पट्टीच्या टोकाशी पंच पडला तर सरळ क्लिप पण खरी असू शकते. तशी जास्त सापडते ती वक्र क्लिप, पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही आणि पंच आधीच्या भोकावर थोडा चढला की चकतीला चंद्रकोरीएवढी कमतरता राहते.

मग ओळखायचं कसं, तर चकती आधीच अपुरी होती आणि ठोका नंतर पडला, या क्रमाचा पुरावा शोधायचा. दोन ठिकाणी मिळतो.

एक, क्लिपच्या लगतची अक्षरं. ठोका पडताना घासाच्या बाजूला धातू कॉलरला टेकलेला नसतो, तो मोकळ्या जागेकडे वाहतो, म्हणून अक्षरं क्लिपकडे जाताना ताणलेली, निमुळती, विरत गेलेली दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर ठणठणीत असतं आणि मध्येच कापलेलं असतं.

दुसरा पुरावा क्लिपच्या बरोब्बर समोर, १८० अंशात. किनार उचलणाऱ्या मशिनमध्ये चकती दोन बाजूंनी दाबली जात फिरते, आणि जेव्हा घास घेतलेला भाग एका बाजूला येतो तेव्हा समोरच्या बाजूवर दाबच पडत नाही, म्हणून तिथली किनार उठत नाही. नाण्यावर तेवढ्यापुरती रिम पुसट किंवा गायब. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. मला हे फार आवडतं कारण नाणं कापणारा माणूस कापलेल्या जागेवर सगळी मेहनत घेतो, काठ घासून गोल करतो, काळपट रंग पण चढवतो, पण समोरच्या किनारीकडे त्याचं लक्षच जात नाही.

धाकट्याच्या नाण्यात समोरची रिम पूर्ण, अक्षरं मध्येच तुटलेली, आणि कापलेल्या काठावर कानशीचे आडवे चरे. त्याला सांगितलं, तुझं उत्तर बरोबर आहे पण कारण लिही, नाहीतर मार्क नाहीत.

एक सूचना स्वतःसाठी: ब्लेकस्ली नाही म्हणजे क्लिप खोटीच असं लिहायचं नाही. घास फार लहान असेल तर परिणाम नीट दिसत नाही, आणि किनार उचलायची पायरीच नसलेल्या जुन्या नाण्यांना तर तो लागूच नाही. तिथे धातूचा प्रवाह बघून ठरवायचं.

१६ जून

डबलिंग. यात सगळ्यात जास्त पाकिटं आणि सगळ्यात जास्त भांडणं.

अक्षर दुहेरी दिसतंय याची निदान तीन वेगळी कारणं आहेत आणि तिघांची लायकी वेगळी. खरी डबल डाय म्हणजे डाय बनवतानाच तिच्यात चित्र दोनदा, थोडं सरकून उतरलेलं. पूर्वी हबने (हब म्हणजे उठलेल्या चित्राचा मूळ ठसा, त्यावरून डाय बनते) डायवर ठसा एकदा मारून पुरेसा खोल जायचा नाही, म्हणून डाय तापवून मऊ करून पुन्हा मारायचे, आणि दुसऱ्यांदा जरा फिरली की झालं. मग त्या डायमधून निघालेलं प्रत्येक नाणं सारखंच दुहेरी. अमेरिकेचा १९५५ चा लिंकन सेंट हे प्रसिद्ध उदाहरण, त्यावर तारीख आणि अक्षरं साध्या डोळ्यांना दोन दोन दिसतात.

दुसरं मशीन डबलिंग. इथे डाय चांगली असते पण प्रेसमध्ये सैल बसलेली असते, ठोका पडल्यावर ती थोडी घसरते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची एक बाजू चेपून टाकते. हे टांकसाळीतच होतं खरं, पण संग्राहक याला एरर म्हणून किंमत देत नाहीत, आणि मला पण ते बरोबर वाटतं कारण यात डायवर काहीच नाही, प्रत्येक ठोक्याला वेगळं येतं आणि फार कॉमन आहे.

तिसरं, डाय झिजून झिजून अक्षरांच्या कडा पसरतात आणि एक धूसर सावली येते. ते तर नुसतं म्हातारपण.

फरक भिंगाखाली कसा दिसतो ते आज दोन नाणी शेजारी ठेवून नीट बघितलं. मशीन डबलिंगवाल्यात दुसरं अक्षर हे अक्षर नाहीच, ती एक सपाट पायरी आहे, शेताच्या जरा वर, आणि नाणं हळूहळू तिरकं केलं की ती पायरी एकदम आरशासारखी चमकते आणि विझते. मुख्य म्हणजे मूळ अक्षर बारीक झालेलं असतं, कारण पायरी त्याच्याच अंगातून कापून काढली आहे. खऱ्या डबल डायमध्ये उलट, दोन्ही अक्षरं गोलसर, दोघांना स्वतःची उंची, आणि एकूण जाडी नेहमीपेक्षा जास्त. अक्षरांच्या टोकांना जी छोटी आडवी रेघ असते तिथे स्पष्ट खाच दिसते, जणू टोक दुभंगलंय. म्हणून मी आता फक्त एवढंच विचारते की अक्षर जाड झालं की बारीक. नव्वद टक्के वाद तिथेच मिटतात (हा टक्का मी हवेतून काढलाय, मोजलेला नाही).

डबल स्ट्राइक हा चौथा प्रकार पण तो ओळखायला सोपा, नाणं प्रेसमधून नीट बाहेर पडलं नाही आणि दुसरा ठोका खाल्ला, तर दुसऱ्या चित्राखाली पहिलं दबलेलं दिसतं, आणि दोन्ही बाजूंना, हे महत्त्वाचं. एकाच बाजूला दुहेरी असेल तर तो दुसरा ठोका कुठल्या प्रेसने एका बाजूने मारला ते आधी सांगा.

१९ जून

गायब अक्षरं आणि गायब आकडे.

डायच्या खोबणीत तेल आणि धुळीचा गोळा साचला की तिथे धातू शिरत नाही, अक्षर अर्धं किंवा पूर्ण गायब. खरं ग्रीसवालं अक्षर मऊपणे विरतं, आणि त्या जागचं शेत आजूबाजूच्या शेताच्याच पातळीत, त्याच पोताचं. खरवडून काढलेल्या अक्षराच्या जागी शेत किंचित खोल जातं, बारीक समांतर चरे असतात, आणि पॉलिश केलं असेल तर त्या एवढ्याशा तुकड्याची चमक वेगळी दिसते. आडवा उजेड, आडवा उजेड, आडवा उजेड.

कधी कधी तोच साचलेला गोळा डायमधून सुटून चकतीवर पडतो आणि पुढच्या ठोक्यात दाबला जातो, मग नाण्यावर भलत्याच जागी एक अक्षर आत गेलेलं. डब्यात नाही असं एकही, असतं तर पार्टी दिली असती.

या विषयातला आदर्श म्हणजे अमेरिकेचा १९३७-डी चा (डी म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ) तीन पायांचा बफेलो निकेल, पाच सेंटचं नाणं. डाय घासताना प्रमाणाबाहेर घासली गेली आणि चित्रातल्या बायसनचा पुढचा एक पाय उडाला. आता पाय काय, कोणीही खरवडून काढेल, आणि काढतातच. पण त्या खऱ्या डायवर बाकी खुणा पण आहेत, पोटाखालून जमिनीकडे उठलेल्या ठिपक्यांची एक माळ उतरते, मागचा पाय किडा लागल्यासारखा खडबडीत. उठलेले ठिपके नंतर तयार करणं अवघड, काढणं सोपं. म्हणजे खोटं करणारा वजाबाकी करू शकतो, बेरीज त्याला जड जाते. हे एक वाक्य पाकिटांच्या खोक्याच्या झाकणावर लिहून ठेवलंय.

२३ जून

आजचं नाणं म्हणजे डब्यातलं सगळ्यात नाट्यमय. राजाच्या चेहऱ्यावर आडवं, आत गेलेलं, उलटं वाचावं लागणारं दुसऱ्या नाण्याचं अख्खं अक्षरमंडळ. देणाऱ्याने ब्रॉकेज म्हणून दिलेलं.

ब्रॉकेज म्हणजे काय ते आधी. एक नाणं ठोकून झालं आणि वरच्या डायला चिकटून राहिलं. खाली नवी चकती आली. आता चकतीच्या वरच्या बाजूवर डाय नाही, ते चिकटलेलं नाणं ठोकणार, आणि त्याची उघडी बाजू कुठली? जी खालच्या डायने छापली ती. म्हणजे नव्या नाण्याच्या खालच्या बाजूला खालच्या डायचं चित्र सरळ आणि उठलेलं, आणि वरच्या बाजूला तेच चित्र उलटं आणि आत गेलेलं. दोन्हीकडे एकच चित्र! वरच्या डायच्या चित्राचा त्यात संबंधच येत नाही.

या नाण्यात चेहरा आहे, त्याच्यावर दुसऱ्याची अक्षरं दाबलेली आहेत, आणि मागच्या बाजूला नेहमीचं मागचं चित्र. असं एकच ठोका खाल्लेल्या ब्रॉकेजमध्ये होऊ शकत नाही. कोणी म्हणेल आधी नीट छापलं गेलं आणि मग दुसऱ्या ठोक्यात वरून दुसरं नाणं आलं, हो, होऊ शकतं, पण मग मागच्या बाजूला पण दुसऱ्या ठोक्याची खूण पाहिजे. ती नाही. उलट मागच्या बाजूला जिथे जिथे सगळ्यात उंच भाग आहे तो चपटा झालाय आणि त्या चपट्या जागांवर जाळीसारखे बारीक चौकोन आहेत. ते शिकंज्याच्या जबड्याचे दात. दोन नाणी एकमेकांवर ठेवली, शिकंज्यात आवळली किंवा हातोडा घातला, काम तमाम. जबड्यांमध्ये चामडं किंवा लाकूड ठेवणारे हुशार असतात, तेव्हा जाळी उमटत नाही पण नाणं सहसा किंचित वाकतं, सपाट काचेवर ठेवून टोकाला दाबलं की डुगडुगतं.

डाय क्लॅश पण याच कुळातला वाटतो म्हणून लिहून ठेवते. मध्ये चकती नसताना दोन डाय एकमेकींवर आपटल्या की एकीची पुसट उलटी बाह्यरेषा दुसरीत उतरते आणि पुढच्या नाण्यांवर मोकळ्या शेतात दिसते. ती नेहमी त्याच नाण्याच्या मागच्या बाजूच्या चित्राची असते, आणि मुख्य चित्राला धक्का लागलेला नसतो.

२४ जून

लहानसहान पटापट. रिम आत वळलेली, जाड झालेली, व्यास कमी पण वजन जवळपास पूर्ण: कपडे वाळवायच्या मशिनच्या ड्रममध्ये अडकून महिनोन्महिने आपटत राहिलेलं नाणं, "ड्रायर कॉइन". गालावर समांतर बारीक रेघांचा पट्टा: नाणी मोजायच्या मशिनचं रबरी चाक. किनारीच्या आत गोल वर्तुळाकार घासलेला चरा: नाण्यांची गुंडाळी करणारं मशीन. सगळी बाद. एकसारखी दिसणारी आहेत म्हणून लोकांना वाटतं डायचीच असणार.

२८ जून

वजनं. पातळ चकतीवर छापलेलं म्हणून आलेलं नाणं खरंच हलकं आहे. पण पातळ चकतीवर ठोका पडला तर धातू पुरत नाही, उंच भाग भरत नाहीत, व्यास मात्र कॉलरमुळे नेहमीचाच राहतो. यात उलट, सगळं चित्र जागेवर आहे, फक्त सगळीकडून सारखंच आटलंय, अक्षरं काडीसारखी बारीक, व्यास कमी, पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांचा. आम्लात बुडवलेलं. आम्ल कडेलाही सोडत नाही, म्हणून वर्नियर काट्याइतकाच महत्त्वाचा.

चुकीच्या धातूच्या दाव्याला वजन आणि चुंबक. १९४३ चा अमेरिकन सेंट युद्धामुळे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा, साधारण २.७० ग्रॅम. चुकून जुन्या तांब्याच्या मिश्रधातूच्या चकतीवर छापलेले मोजके आहेत ते ३.११ ग्रॅमच्या आसपास. पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन फिरवतात, तो चुंबकाला चिकटतो. दुसरी युक्ती १९४८ च्या आठाची डावी बाजू खरवडून तीन करायचा, तिथे तीनची शेपूट बघायची, १९४३ मध्ये ती लांब खाली उतरते.

मात्र चुंबकाला चिकटलं म्हणजे गडबड असं सरसकट नको. ब्रिटिश इंडियाचा १९४७ चा रुपया निकेलचा आहे, तो चिकटणारच. निकेल शुद्ध असलं की चिकटतं, तांबं मिसळून क्युप्रोनिकेल झालं की नाही.

१९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा पण आज काट्यावर होता, बिनभोकाचा एरर म्हणून. भोक खरंच पडलं नसतं तर तेवढा धातू जास्त, वजन जास्त. याचं वजन तर जास्त आहे! पण मध्यभागी भिंगात एक पूर्ण गोल केसाएवढी रेघ दिसते आणि आतल्या धातूचा रंग जरा पिवळसर. बूच मारलंय. वजनाने एकट्याने निकाल देऊ नये.

२ जुलै

हाताने पाडलेली नाणी वेगळ्या ट्रेमध्ये काढली, त्यांना वरचे निम्मे नियम लागूच नाहीत. शिवराई, मुघल रुपये, यांच्यात डाय मोठी आणि चकती लहान, त्यामुळे मजकूर अर्धवट येणं, ठसा एका बाजूला सरकणं हा एरर नाही, तीच पद्धत. "ऑफ सेंटर शिवराई" म्हणून कोणी वाढीव काही मागितलं तर हसून सोडून द्यायचं. रुपयांवरचे छोटे छोटे पंच सराफांच्या पारखीचे, म्हणजे नंतरचेच, पण त्यांना डॅमेज म्हणायला माझी जीभ वळत नाही, तो नाण्याचा इतिहास आहे. पाकिटावर "सराफी खूण" एवढंच लिहिते.

खरे एरर पण या जगात आहेत बरं. रोमन प्रजासत्ताकाच्या चांदीच्या दिनारांत ब्रॉकेज चांगले सापडतात, हातोड्याच्या घाईत आधीचं नाणं डायला चिकटलेलं कळलंच नाही. चाचणी तीच, दोन्ही बाजूंना एकच चित्र, एक उठलेलं एक बुडालेलं.

६ जुलै

उरलेल्यांत दोन पापुद्रेवाली. मिश्रधातूत मळ किंवा हवा अडकली की लाटताना थर सुटतो. पापुद्रा ठोक्याआधी उडाला असेल तर खड्ड्यात पण पुसट चित्र दिसतं, नंतर उडाला तर खड्डा बिनचित्राचा, तळाशी लाटण्याच्या दिशेने जाणाऱ्या खडबडीत रेषा. दोन्ही खरे, कारण दोष धातूत आधीपासून होता. खणून काढलेल्या खड्ड्याला दिशा नसते. एकात पुसट अक्षर दिसलं, दुसऱ्यात नाही, दोन्ही ट्रेमध्ये.

आणि एक क्लिपवालं. समोरची रिम गायब, अक्षरं ताणलेली, सगळं खरं, पण घासाच्या काठावर ताजे कानशीचे चरे. कोणीतरी खरी क्लिप "आणखी छान" करायला गेलंय. पाकिटावर दोन ओळी लिहिल्या: वक्र क्लिप, पंचची पायरी. काठ नंतर घासलेला. धाकटा विचारत होता मग कुठल्या ट्रेमध्ये ठेवू. एररच्या, म्हटलं, पण चरे दिसतील असाच फोटो काढ.